सोलापूर ते तुळजापूर चालत जाऊन मदतनिधी गोळा करायचा आहे. तयारी कशी करावी?

तुम्ही सहा मित्र, सगळे तिशीतले, डिसेंबरात एका दिवसात तुळजापूर गाठायचं आणि मुलांच्या वसतिगृहासाठी पैसे उभे करायचे, असं तुम्ही लिहिलंय. जमण्यासारखं आहे. फक्त आजपासून दहा आठवडे हाताशी ठेवा.

अंतर साधारण ४५ किलोमीटर. ताशी पाचने नऊ तास होतात, पण बसणं, खाणं, मोजे बदलणं धरलं की बारा तास लागतात. पहाटे चारला निघालात तर दुपारी चारच्या सुमारास पोचाल, म्हणजे उजेड हाताशी राहतो. कोजागरीला लाखो लोक याच रस्त्याने चालतात आणि त्या वेळी वाहतूक वळवलेली असते. चालायला ते सुरक्षित असतं, पण सोबतची गाडी तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही आणि गर्दीत सहा जण एकत्र राहत नाहीत. पहिल्यांदा जाताय तर डिसेंबरच बरा.

सराव असा करा. आठवड्यातले चार दिवस पाच-सहा किलोमीटर आणि रविवारी लांबचं चालणं: ८, १०, १२, १५, मग मुद्दाम कमी १२, पुढे १८, २२, परत १६, आणि नवव्या रविवारी ३०. शेवटच्या आठवड्यात हलकं फिरा. ३०च्या वर सराव नको, कारण त्याचा थकवा मोहिमेच्या दिवसापर्यंत पुरतो. सोलापूर सपाट आहे आणि तुळजापूरचा घाट नेमका शेवटी, थकलेल्या पोटऱ्यांना लागतो. म्हणून आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं जिना चढा-उतरा. घाटात पावलं आखूड टाका, वेग आपोआप पडू द्या.

आता पाय. माझ्या मते सगळी मोहीम इथेच ठरते. फोड तीन गोष्टींनी येतो: उष्णता, घाम आणि घर्षण. दिवसभर चालून पाऊल सुजतं, म्हणून बूट संध्याकाळी घ्या, नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा, आणि त्यात किमान शंभर किलोमीटर चालून झालेलं असू द्या. नवे कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. नखं दोन-तीन दिवस आधी कापा. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ते टाळा. खेळाडूंचे सिंथेटिक मोजे तीन जोड ठेवा आणि दर दहा-बारा किलोमीटरला बदला. टाचेवर किंवा चवड्याखाली चटका जाणवला की त्याच क्षणी थांबा, पाय कोरडा करा आणि तिथे औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा. “पुढच्या थांब्यावर बघू” म्हणालात तर तोवर पाणी भरलेलं असतं. लहान फोड तसाच झाका. मोठा, दुखणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी मात्र सोलू नका. मधुमेह असलेल्याने हे स्वतः करूच नये. मांड्या आणि काखेत निघतानाच व्हॅसलीन चोपडा.

पाणी तासाला अर्धा लिटर धरा, उन्हात थोडं जास्त. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ कमी होतं. बोटं सुजणं, मळमळ, डोकं दुखणं ही त्याची खूण. अशा वेळी आणखी साधं पाणी पाजू नका. माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला तर थेट दवाखाना गाठा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, पेल्यात अर्धं-अर्धं नाही. खाण्याला आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी उत्तम: खराब होत नाही, मीठही मिळतं. भाकरी पिशवीत टाकली की चुरा होतो, म्हणून स्टीलच्या डब्यात उभी लावा. कोरडी गिळवत नाही, सोबत दही ठेवा. दर तासाला थोडं खा. पोटभर जेवून चालायला उठणं जड जातं.

अंधारात प्रत्येकाला चमकणारं जाकीट आणि कपाळावर दिवा हवाच. उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं, एकामागे एक चाला. सेवारस्ता असेल तिथे तोच धरा. दोन्ही कानांत हेडफोन नको. सगळ्यांत हळू चालणारा पुढे ठेवा, शेवटी एक जाणता माणूस. सोबतची गाडी महामार्गाच्या कडेला उभी न करता हिप्परगा, उळे, तामलवाडी अशा गावांत हॉटेलच्या आवारात थांबवा. आणि एक: तोंड उत्तरेकडे असतं, त्यामुळे हिवाळ्यातलं दुपारचं ऊन मानेवर आणि पोटऱ्यांवर पडतं. टोपीखालून उपरणं मानेवर सोडा.

पैशांचं आधीच उरका. “किलोमीटरमागे ५० रुपये” असं वचन घेऊ नका. ४५ किलोमीटरचे २२५० रुपये नंतर मागत फिरावं लागतं, आणि पाय दुखावलेला मित्र त्या आकड्यापायी चालत राहतो. ठरावीक रक्कम, निघण्याआधी, थेट संस्थेच्या खात्यात. क्यूआर कोड संस्थेचाच हवा, कुणा मित्राच्या नंबरचा नको. संस्थेला ८०जीची, म्हणजे देणाऱ्याला आयकरात वजावट मिळवून देणारी, मान्यता आहे का ते विचारून घ्या. रोखीने २००० रुपयांपेक्षा जास्त दिलं तर देणाऱ्याला ही वजावट मिळत नाही. गाडीचं डिझेल, जाकिटं, जेवण हे सहा जणांनी खिशातून भरा आणि तसं लोकांना आधीच सांगा. त्याने देणाऱ्याचा विश्वास बसतो.

परतीला मोटारसायकल मागवून ठेवू नका. बारा तासांनंतर पाय ताठतात आणि झापड येते. एसटीने या, किंवा न चाललेल्या माणसाला गाडी चालवू द्या.