चार आणि दीड वर्षांच्या मुलांना घेऊन १० दिवस युरोपला जायचंय, किती ठिकाणं करता येतील?

दोन.

खरं म्हणजे एवढं लिहून थांबणार होते, पण प्रश्नाखाली बुकिंगचं आणि स्ट्रोलरचं विचारताना तुम्ही लिहिलंय की "घरचे म्हणतात एवढ्या लहान मुलांना काही आठवणार नाही, त्यामुळे निदान जास्तीत जास्त ठिकाणं तरी बघून घ्या", आणि हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं कारण हेच वाक्य मी शब्दशः ऐकलंय. आमच्या मोठ्या भाऊजींच्या तोंडून. तेव्हा थोडं लांबेल, घाई असेल तर वरचा एक शब्द घ्या आणि निघा.

आमची ट्रिप होती भाऊजींच्या फॅमिलीबरोबर. त्यांची मुलं तेव्हा ११ आणि १३, आमचा थोरला ४ आणि धाकटी १७ महिन्यांची, म्हणजे तुमच्यासारखंच. भाऊजींना एक्सेलचा भारी नाद. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न २ रात्री, इंटरलाकेन २, झरमॅट १, जिनिव्हा १, मग पॅरिस ३. नऊ रात्री, पाच हॉटेलं. प्रत्येक दिवसाला वेगळा रंग, प्रत्येक ट्रेनची वेळ, कुठे गाडी बदलायला ६ मिनिटं तर कुठे ८. स्वित्झर्लंडच्या गाड्या वेळेवर असतात त्यामुळे ६ मिनिटं पुरतात हे अगदी खरं आहे, पण ती एका माणसाला आणि एका बॅगेला पुरतात. आमच्याकडे दोन मोठ्या बॅगा, एक स्ट्रोलर, डायपरची पिशवी आणि दोन मुलं होती आणि हात मोजून चार. त्यात थोरल्याला बरोब्बर गाडी बदलताना शू लागायची. शीटमध्ये सगळं होतं पण शू नव्हती.

पोचलो तो रविवार होता. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी सुपरमार्केटं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली दुकानं तेवढी उघडी. हे माहीत नव्हतं, आणि बाळाचे डायपर प्रवासातच संपले होते. नवरा अर्धा तास बंद दुकानांची शटरं बघत फिरला, शेवटी ल्युसर्न स्टेशनच्या तळघरात डायपर मिळाले. तेवढ्यात शीटमधली पहिली बोट सुटली. भाऊजी काही बोलले नाहीत, फक्त फोनवर शीट उघडून काहीतरी खोडलं. ते खोडणं मी आयुष्यात विसरणार नाही.

आम्ही पश्चिमेकडे गेलो होतो, त्यामुळे मुलं पहाटे ३ ला टक्क जागी आणि संध्याकाळी ५ ला जमिनीवर आडवी. शरीराचं घड्याळ साधारण रोज एखादा तास सरकतं, त्यामुळे जितक्या तासांचा फरक तितके दिवस धरून चाला, आणि पूर्वेकडे जाणार असाल तर आणखी जड जातं. म्हणजे तुमच्या १० दिवसांतले जायचा-यायचा मिळून दोन गेले, पहिले दोन-तीन झोपेच्या भानगडीत अर्धे गेले, उरले किती ते तुम्हीच बघा, आणि त्यात प्रत्येक हॉटेल बदलायला एक अख्खा दिवस खर्ची पडतो. अर्धा नाही, अख्खा. सकाळी बॅगा भरणं, ११ ला खोली सोडणं, पुढची खोली ३ च्या आधी न मिळणं आणि मधले चार तास झोपेला आलेलं मूल मांडीवर घेऊन कुठल्यातरी लॉबीत बसणं, याला मी तरी फिरणं म्हणत नाही.

ल्युसर्नला वाहतूक संग्रहालय आहे, १९५९ पासूनचं, खरी इंजिनं, विमानं, केबल कारचे डबे, काय नाही विचारू नका. शीटमध्ये त्याला दीड तास. थोरला पहिल्याच इंजिनापाशी चिकटला तो चिकटलाच. दीड तासाने त्याला अक्षरशः उचलून, रडत, बाहेर आणला कारण पुढे तिथला जुना लाकडी पूल बघायचा होता. पूल सुंदर आहे, मला मान्य आहे. पण चार वर्षांच्या पोराला इंजिन सोडून पूल दाखवायला नेणारी माणसं आम्ही, यात आम्हाला तेव्हा काही वाटलं नाही.

मग चौथ्या दिवशी युंगफ्राउयोख. ३,४५४ मीटर, युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन, १९१२ पासून चालू. इंटरलाकेन साधारण ५७० मीटरवर, म्हणजे दोनेक तासांत तुम्ही जवळपास २,९०० मीटर वर जाता. वरच्या हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. मोठ्या माणसाला जिना चढताना कळतं, १७ महिन्यांचं बाळ "डोकं दुखतंय" कसं सांगणार? ते फक्त किरकिरतं, आणि किरकिरणं तर मुलं एरवीही करतात. धाकटीला दोन दिवस सर्दी होती. मी सकाळी म्हटलं की मी हिला घेऊन खाली थांबते. भाऊजी म्हणाले, "तिकिटं काढलीयेत, आणि बर्फ बघितल्यावर ती खूश होईल बघ." ती बर्फाकडे बघून ओकली. थोरला म्हणाला, "थंडी आहे, घरी जाऊ या." वीस मिनिटांत बर्फ संपला.

खरा त्रास उतरताना झाला. कान आणि घशाला जोडणारी जी बारीक नळी असते ती लहान मुलांत अरुंद आणि आडवी असते, सर्दीने सुजली की कानातला दाब बाहेरच्या हवेशी जुळत नाही, आणि उतरताना तो आतून खेचतो. ग्रिंडेलवाल्ड गावाकडे २०२० पासून नवीन गोंडोला, म्हणजे केबल कार, आहे, मधल्या स्टेशनापासून १५ मिनिटांत खाली आणतो, म्हणजे एरवी किती छान! एका डब्यात २६ जण. २६ जण आमच्याकडे बघतायत आणि धाकटी कान ओढत असं रडतेय की मला आजही तो आवाज आठवला की पोटात गोळा येतो.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले कान लाल झालाय, औषध घ्या आणि दोन-तीन दिवस कुठे हलू नका. भाऊजी म्हणाले, "अगं, मुलं रडतातच, उद्या झरमॅटला पोचलो की विसरेल. हॉटेलचे पैसे परत मिळत नाहीत." मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही व्हा पुढे, आम्ही इथेच राहतो." लग्नानंतरच्या आठ वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं. नवरा खाली बघून बुटाची लेस बांधत होता, जी आधीच बांधलेली होती. जाऊबाई निघताना माझ्या कानात म्हणाल्या, "मलापण थांबावंसं वाटतंय गं."

आम्ही इंटरलाकेनलाच राहिलो, झरमॅट नाही, जिनिव्हा नाही, पॅरिस नाही. पहिले दोन दिवस हॉटेलजवळच्या बागेत आणि खोलीत. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा ब्रिएंझच्या तळ्यावर बोटीने गेलो, सव्वा तासाचा प्रवास. तिथे १९१४ ची एक वाफेची बोट आहे, लोट्शबर्ग नावाची, बाजूला चाकं असलेली, आणि आत मधोमध तिचं इंजिन उघडं दिसतं. थोरला तिथल्या कठड्याला नाक लावून जाताना सव्वा तास आणि येताना सव्वा तास उभा. तळ्याचा रंग कसा निळा-हिरवा आहे हे त्याने बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी परत तीच बोट. कोणी घाई करणारं नव्हतं, धाकटी स्ट्रोलरमध्ये झोपली, आम्ही दोघं कॉफी पीत बसलो, लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा इतका वेळ गप्पा मारल्या असतील.

आता "आठवणार नाही"चं. बरोबर आहे, मोठेपणी बहुतेकांची पहिली आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, तुमच्या धाकट्याला काही म्हणजे काही आठवणार नाही. मग? त्याला बारसंही आठवणार नाही, म्हणून करायचं नाही का? आणि भाऊजींच्या १३ वर्षांच्या मुलाला मी मागे विचारलं की जिनिव्हाला काय बघितलंस, तर म्हणाला, "जिनिव्हा म्हणजे कारंजं होतं ते ना? की ते दुसरं?" भाऊजी शेजारीच बसले होते. मी मुद्दाम विचारलं, हो.

बरं, तुमचा बुकिंगचा प्रश्न. दीड वर्षाचं मूल दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत विमानात मांडीवर नेता येतं, पण वाढदिवस ट्रिपच्या मध्ये आला तर परतीला त्याला स्वतःची सीट लागते, तारखा नीट बघा. बॅसिनेट, म्हणजे विमानातला बाळाचा पाळणा, समोर भिंत असलेल्या रांगेतच लागतं, वजनाची मर्यादा प्रत्येक एअरलाइनची वेगळी, आणि दीड वर्षाचं मूल बहुतेक त्यात मावतच नाही, शिवाय बेल्टचा दिवा लागला की झोपलेलं बाळ उचलायचं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. बाळाच्या दुधाला १०० मिलीचा नियम लावत नाहीत, पण तपासणीला वेगळं काढून दाखवावं लागतं. विमान उतरायला लागलं की झोपलेल्याला उठवा आणि काहीतरी चोखायला किंवा प्यायला द्या, झोपेत गिळणं कमी होतं आणि कान तेव्हाच दुखतात. हे मला त्या गोंडोल्यानंतर कळलं.

तुम्हाला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) लागत असेल तर अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या १५ दिवसांवर ठेवू नका. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, सारख्याच असतील तर जिथे आधी उतरताय तिथे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा हवा. मुलांचे पासपोर्ट मोठ्यांपेक्षा कमी वर्षांचे असतात, ते आपल्या लक्षात राहत नाही, आधी तेच काढून बघा. आई-वडलांपैकी एकटंच कोणी मुलांना नेणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र बरोबर ठेवा, मुलं पळवून नेण्याच्या भानगडींमुळे सीमेवर विचारतात.

इन्शुरन्सबद्दल जरा ठासून सांगते. व्हिसाला किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतं म्हणून लोक तेवढंच, सगळ्यात स्वस्त, घेतात. त्यात डॉक्टर आणि हॉस्पिटल असतं, बुडलेलं हॉटेल असेलच असं नाही. ट्रिप अर्धवट सोडावी लागली तर पैसे मिळतील का हे पॉलिसीत वेगळं वाचा, आणि तिथल्या डॉक्टरकडून "प्रवास करू नये" असं त्याच दिवशी लिहून घ्या. आम्ही घेतलं म्हणून थोडे पैसे परत आले. सगळे नाही. उरलेल्यांबद्दल फॅमिली ग्रुपवर अजून अधूनमधून निघतं, बहुतेक कोणीतरी पॅरिसचा फोटो टाकला की.

स्वित्झर्लंडच करणार असाल तर ६ वर्षांखालच्यांना ट्रेनचं तिकीट लागत नाही, आणि काही डबलडेकर इंटरसिटीत वरच्या मजल्यावर मुलांसाठी खेळायचा डबा असतो, घसरगुंडीसकट. तो डबा शोधून चढा, बाकी सीनरी खिडकीतून दिसतेच. गाडी भाड्याने घेणार असाल तर मुलांची सीट आधीच मागून ठेवा, तिथे १२ वर्षांखालच्या मुलांना, उंची १५० सेंटिमीटर होईपर्यंत, ती सक्तीची आहे.

आता थोडं उलटं. युंगफ्राउला कितीतरी लोक लहान मुलं घेऊन जातात आणि मजेत परत येतात, आमचं सर्दीमुळे बिघडलं. तुमचं मूल ठणठणीत असेल आणि तुमचे डॉक्टर हो म्हणाले तर माझं ऐकून रद्द करू नका. काही मुलं कुठेही झोपतात, त्यांना तीन शहरंही चालतील. आणि ११-१३ च्या मुलांसाठी भाऊजींची शीट वाईट नव्हती, त्यांच्या मुलांनी धमाल केली, हे मी त्यांच्यासमोर कबूल करणार नाही पण इथे करते.

आणि आणखी एक, परवा जुन्या मेल शोधताना ती फाइल सापडली. जाण्याच्या चार महिने आधी भाऊजींनी सगळ्यांना पाठवली होती, "काही बदल हवे असतील तर सांगा" असं लिहून. चौथ्या दिवसाच्या चौकटीत माझी कॉमेंट आहे. "मस्तच! युंगफ्राउ नक्की ठेवा." पुढे तीन हार्ट. नवऱ्याला अजून दाखवलेली नाही.

हं, स्ट्रोलरचं विचारलं होतंत. न्या, हलका आणि एका हाताने घडी होणारा, दगडी रस्त्यांवर चाकं खडखडतात पण झोपलेलं मूल उचलून फिरण्यापेक्षा बरं. विमानाच्या दारापर्यंत बहुतेक नेऊ देतात, पण परत कधी दाराशी मिळतो कधी थेट सामानाच्या बेल्टवर, ते चढतानाच विचारा. आणि डायपर हातातल्या बॅगेत चार जास्तीचे ठेवा. रविवारी पोचणार असाल तर आठ.