शिंगाला तोंड फुटतं तेव्हा

मागच्या वेळी या सदरात बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातल्या दर्शनाविषयी लिहिलं होतं. समुद्रातून सिंह, अस्वल, चित्ता आणि लोखंडी दातांचं चौथं श्वापद वर येतं. चौथ्याच्या दहा शिंगांमध्ये एक लहान शिंग उगवतं. त्याला माणसाचे डोळे असतात आणि फुशारकी मारणारं तोंड. त्यावर बरेच प्रश्न आले, त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देतो. पुढाऱ्यांची नावं घालून ‘हाच ना तो?’ असं विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत.

‘पाळकसाहेब, जय ख्रिस्त. ते लहान शिंग म्हणजे आजचा नेमका कोण? आमच्या प्रार्थनासभेच्या ग्रुपवर दर दोन-तीन वर्षांनी नवं नाव येतं.’ (नागाळा पार्क)

दर दोन-तीन वर्षांनी नाव बदलतं, यातच निम्मं उत्तर आलं. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते शिंग म्हणजे सिरियाचा ग्रीक राजा चौथा अंतियोख. इ.स.पू. १६७ मध्ये त्याने यरुशलेमच्या मंदिरातले नित्याचे यज्ञ बंद पाडले, तिथल्या वेदीवर परक्या देवाची वेदी चढवली, शब्बाथ आणि सुंता यांवर बंदी घातली. नियमशास्त्राची गुंडाळी बाळगणाऱ्याला मरण. स्वतःच्या नाण्यांवर त्याने ‘प्रकट झालेला देव’ अशी बिरुदावली घालून घेतली होती. इ.स.पू. १६४ मध्ये यहुद्यांनी मंदिर परत घेऊन शुद्ध केलं; त्याचा सण ते आजही पाळतात. जुनी ख्रिस्ती परंपरा मात्र चौथं श्वापद रोम मानते. युरोपातल्या धर्मसुधारकांना त्या शिंगात पोप दिसला, पुढे कुणाला नेपोलियन, कुणाला हिटलर.

नावाचा खेळ सोडला की मजकुराकडे लक्ष जातं. श्वापदं फाडतात, तुडवतात. शिंग आकाराने लहान, पण बोलतं. पंचविसाव्या वचनात त्याची करणी सांगितली आहे: परात्पराविरुद्ध बोलणं, पवित्र जनांना जेरीस आणणं, काळ आणि नियम बदलू पाहणं. मला यातलं मधलं सर्वांत ओळखीचं वाटतं. उद्दाम सत्ता रोज तलवार उपसत नाही. हेलपाटे घालायला लावते, कागद अडवून ठेवते, आणि दमलेला माणूस आपणहून गप्प बसतो. कायदा काय, सण कुणाचा, हे माझ्या मर्जीवर ठरणार असं कुणी म्हणू लागला आणि त्याला प्रश्न विचारणारे एकेक करून दमू लागले, की दानीएल उघडावा. खुर्चीतला माणूस आपल्या मताचा आहे की विरुद्ध मताचा, हे नंतर. ग्रुपवर येणारं नाव नेहमी पाठवणाऱ्याच्या नावडत्या पक्षातलंच कसं असतं, याचाही एकदा विचार करा.

‘मी ख्रिस्ती नाही, पण सदर वाचते. तुमच्या ग्रंथात राजा म्हणजे श्वापद! आमच्या कोल्हापुरात शाहू महाराज होऊन गेले. सत्ता म्हटली की गर्व आलाच, असं संदेष्ट्यांचं म्हणणं आहे का?’ (मंगळवार पेठ)

नाही, ताई. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात पारसाचा राजा कोरेश याला, म्हणजे परक्या आणि परधर्मी राजाला, देवाचा अभिषिक्त म्हटलंय. बहात्तराव्या स्तोत्रातला चांगला राजा गरिबाचा न्याय करतो, ज्याला कुणी वाली नाही त्याला सोडवतो. ही कसोटी हातात धरून २६ जुलै १९०२ चा करवीर संस्थानाचा आदेश वाचा. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखायच्या, असं त्यात आहे. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज चहा प्यायचे, तेही लोकांच्या डोळ्यांदेखत.

बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याला दानीएल चौथ्या अध्यायात हाच सल्ला देतो: गरिबांवर दया कर, अन्याय सोड. राजाने ऐकून घेतलं. बारा महिने गेले, आणि राजवाड्याच्या गच्चीवर फिरता फिरता तो म्हणाला, ‘हे थोर बाबेल मीच माझ्या बळाने, माझ्या वैभवासाठी बांधलं ना?’ शब्द तोंडात असतानाच त्याचं राज्य गेलं आणि तो बैलासारखा गवत खाऊ लागला, अशी कथा आहे. त्याच्या नावाचा ठसा असलेल्या विटा इराकात ढिगाने सापडल्या आहेत. त्या थापणारे, भाजणारे, वाहणारे हात त्याच्या वाक्यात कुठेच नाहीत. (आपल्याकडे कोनशिलेवर ठेकेदाराचं नाव तरी असतं.) संदेष्ट्यांना खटकतं ते हे. अश्शूरचा राजा ‘माझ्या हाताच्या बळावर केलं’ म्हणतो, तेव्हा यशया विचारतो, ‘कुऱ्हाड तोडणाऱ्यापुढे बढाई मारील काय?’

‘वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड, ‘कार्यसम्राट’, जेसीबीतून फुलं. बायबलमध्ये याला काही जागा आहे का?’ (राजारामपुरी)

जेसीबी नव्हता, बाकी सगळं होतं. लूकच्या बाविसाव्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या वेळी, येशू शिष्यांना सांगतो की राष्ट्रांचे राजे लोकांवर सत्ता गाजवतात आणि वर उपकारकर्ते म्हणवून घेतात. तुमचं तसं नको. हे हवेतलं बोलणं नव्हतं. मिसरच्या तिसऱ्या टॉलेमी राजाची ‘उपकारकर्ता’ ही अधिकृत पदवीच होती.

पण तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात आहे. इ.स. ४४ च्या सुमाराची, कैसरियातली गोष्ट. यहुदियाचा राजा हेरोद अग्रिप्पा राजवस्त्रं घालून आसनावर बसला. यहुदी इतिहासकार जोसीफस सांगतो की वस्त्र चांदीचं होतं आणि सकाळच्या उन्हात चकाकत होतं. लोक ओरडले, ‘ही देवाची वाणी, माणसाची नव्हे!’ त्याने नको म्हटलं नाही, आणि किडे पडून मेला. प्रवचनं इथे येऊन थांबतात. विसावं वचन मात्र कुणी वाचत नाही. सोर आणि सीदोन इथल्या लोकांवर राजाचा राग होता, आणि त्यांचं धान्य येत होतं राजाच्या मुलखातून. म्हणून त्यांनी राजमहालातल्या ब्लस्त नावाच्या कारभाऱ्याला आपल्या बाजूला वळवून समेट मागितला होता. त्या जयघोषामागे रिकामी होऊ घातलेली कणगी होती!

बोर्डाच्या खालच्या बाजूला पंचवीस-तीस जणांचे फोटो असतात ना? त्यांतल्या कुणाच्या उसाला वेळेत तोड हवी असते, कुणाच्या पोराला नोकरी, कुणाला नुसती ओळख. त्यांना हसायचं कारण नाही. ज्याचा मोठा फोटो आहे, त्याला हे सगळं पाहताना एकदाही अवघडल्यासारखं झालं नसेल, तर तो हेरोदाच्या आसनावर बसलेला आहे.

‘आधार कार्ड म्हणजे ६६६ ची खूण का? खरं काय ते सांगा, घरात भांडणं लागलीत.’ (जयसिंगपूर)

नाही. भांडण मिटवा. ६६६ हा बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, प्रकटीकरणातला, श्वापदाचा आकडा. हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते. ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रूत लिहून बेरीज केली की ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, तोही आकडा शेवटचा ‘न’ गाळून लिहिलेल्या त्याच नावाशी जुळतो. प्रकटीकरणात ती खूण श्वापदाला नमन करणाऱ्यांवर आहे, आणि ती नसेल त्याला बाजारात खरेदी-विक्री बंद. रेशनच्या रांगेत कुणी साष्टांग नमस्कार मागितला, तर मला परत लिहा.

‘संदेष्टे राजांना बोलले. माझा शेठ काही राजा नाही. पण तीन महिन्यांची मजुरी अडकवून त्यानं बंगल्याची वास्तुशांत दणक्यात केली. मागायला गेलो तर म्हणतो, लय शहाणा झालास. ह्यात भाकीत कुठं बसतं?’ (यंत्रमाग कामगार, इचलकरंजी)

भाऊ, तुमचं पत्र यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायाशेजारी ठेवून वाचलं. यहूदाचा राजा यहोयाकीम (इ.स.पू. ६०९ ते ५९८) प्रशस्त वाडा बांधत होता: रुंद खिडक्या, गंधसरूची तक्तपोशी, वर हिंगुळाचा रंग. आणि कामकऱ्यांना मजुरी देत नव्हता. यिर्मया म्हणतो, जो शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेतो त्याची केवढी दुर्दशा होणार! पुढे तो राजाला सरळ विचारतो: गंधसरूच्या बाबतीत चढाओढ करतोस, एवढ्याने तू राजा ठरतोस काय? तुझा बापही खात-पीत होताच की, पण तो दीनांचा न्याय करायचा. मला ओळखणं म्हणजे हेच ना, असं परमेश्वर म्हणतो. देवाला ओळखण्याची इतकी रोखठोक व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही, आणि ती निघाली मजुरीच्या भांडणातून.

छत्तिसाव्या अध्यायात तोच राजा हिवाळ्यात शेगडीपुढे बसलाय. यिर्मयाची गुंडाळी त्याला वाचून दाखवतात. तीन-चार रकाने वाचून झाले की तो लेखणीच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि आगीत टाकतो. तुमच्या शेठचं ‘लय शहाणा झालास’ हे त्याच जातीचं. यिर्मयाने नंतर गुंडाळी पुन्हा लिहवून घेतली आणि तीत भर घातली. तुम्हीही लिहा: कुठल्या महिन्याची किती मजुरी, मागायला कधी गेलात, कोण सोबत होतं. मग अर्ज कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

‘रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो. मग त्यांच्याविरुद्ध अर्ज करणं पाप नव्हे काय?’ (गडहिंग्लज)

ते पत्र लिहिणारा पौल फिलिप्पैत काय करतो ते पाहा (प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय). चौकशी न करता त्याला फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी निरोप आला, गुपचूप निघून जा. तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत. उघडपणे मारलंत आणि आता चोरून घालवता? स्वतः येऊन बाहेर न्या. अधिकारी घाबरले आणि आले. शिवाय त्याच तेराव्या अध्यायात अधिकारी हा देवाचा सेवक म्हटला आहे, म्हणजे त्याच्या डोक्यावरही कुणी आहे. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात तीच रोमची सत्ता श्वापद होऊन समोर येते. एकच तेरावा अध्याय पाठ करून भागत नाही.

‘आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) एकच गृहस्थ वर्षानुवर्षं खजिनदार. हिशेब विचारला की म्हणतात, देवाच्या सेवकावर संशय घेता? नाव छापू नका.’

गावही छापत नाही. योहानाचं तिसरं पत्र जेमतेम पंधरा वचनांचं आहे, कमिटीच्या बैठकीत मोठ्याने वाचायला वेळ लागणार नाही. त्यात दियत्रफेस भेटतो: मंडळीत पहिला व्हायची हौस, दुसऱ्यांविषयी वाईटसाईट बोलणं, आणि जे ऐकत नाहीत त्यांना बाहेर काढणं. तो बाबेलचा नाही, आपल्यातलाच आहे. उलट पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना मंडळ्यांनी नेमलेली माणसं सोबत घेतो, कुणी दोष लावू नये म्हणून, आणि तसं स्वतः लिहून ठेवतो (करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय). त्याला संशयाचा अपमान वाटला नाही.

मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. त्यांची प्रत मागता येते. अर्ज एकट्याच्या नावाने करू नका, चौघांच्या सह्या घ्या. त्यांत एखादी सही खजिनदारांच्या नात्यातल्या माणसाची मिळाली तर फारच उत्तम.