पाडलेल्या जुन्या घराचे गज घडीव लोखंडाचे आहेत हे कसे ओळखावे आणि त्यांचे काय करावे?

फोंड्याजवळचे घर पाडताना मिळालेले खिडक्यांचे गज आणि दारांच्या बिजागऱ्या घडीव लोखंडाच्या (म्हणजे अस्सल ‘रॉट आयर्न’च्या) आहेत का, आणि त्यांचा कोयता घडवता येईल का, असे आपण विचारले आहे. कोयत्याचे आधी सांगतो: करू नये. या लोखंडात कार्बन बहुधा ०.१ टक्क्याहूनही कमी असल्यामुळे त्याला पाणी देता (तापवून पाण्यात बुडवून कडक करता) येत नाही आणि धार टिकत नाही.

ओळखण्यासाठी घराच्या वयावर विसंबू नये. इंग्रज संशोधक बेसेमर याची पोलाद बनवण्याची पद्धत १८५६ मध्ये आली आणि पुढे स्वस्त पोलादाने घडीव लोखंडाला बाजूला सारले, परंतु गोव्यातील जुन्या घरांची डागडुजी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. एकाच खिडकीत दोन गज घडीव आणि तिसरा नंतर बसवलेला पोलादाचा, असे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून प्रत्येक गज वेगळा तपासावा. पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या घडीव गजावर जुन्या सागवानासारख्या उभ्या रेषा उमटतात, कारण त्यात मळीचे (लोखंड बनवताना आत राहिलेल्या काचेसारख्या मळाचे) बारीक धागे लांबीच्या दिशेने पसरलेले असतात. पोलादाला गंज चढतो, पण अशा रेषा दिसत नाहीत. खात्रीसाठी एखादे टोक हॅक्सॉने अर्ध्यापर्यंत कापून शिकंज्यात धरावे आणि खाचेच्या उलट बाजूला वाकवावे. घडीव लोखंड ओल्या फांदीसारखे चिरफाळत तंतू दाखवते, पोलादात असे तंतू निघत नाहीत, आणि बीड (ओतीव लोखंड) न वाकता काडकन तुटते आणि तुटलेली बाजू दाणेदार दिसते. दुर्मीळ नक्षीच्या तुकड्यावर मात्र ही परीक्षा करू नये. तिथे ग्राइंडरच्या ठिणग्या पाहाव्यात. घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, गवती रंगाच्या असतात आणि त्यांना फाटे फारच थोडे फुटतात.

भट्टीत हे लोखंड लाल असताना ठोकू नये. मी सुरुवातीला तीच चूक केली आणि एक सुंदर गज रेषांवर उभा चिरला. ते पिवळसर पांढरे होईपर्यंत तापवून घडवावे. त्या तापात त्याचे दोन तुकडे ठोकून एकजीव होतात, कारण आतली मळीच वितळून सांधा स्वच्छ ठेवते. विजेच्या वेल्डिंगने मात्र सांध्यात मळी अडकण्याचा धोका असतो, म्हणून भार घेणारे काम तसे जोडू नये.

जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून तो कोरडा घासू नये आणि जाळूही नये. ओला ठेवून मास्क लावून खरवडावा. नंतर तुकडा किंचित गरम असताना जवसाचे उकळलेले तेल पुसावे. उपयोग म्हणाल, तर गजांचे कोयंडे, कड्या, दिव्याचे हूक आणि सज्ज्याचे कठडे उत्तम होतात. चांगल्या बिजागऱ्या तोडू नयेत. शेजारच्या एखाद्या जुन्या घराच्या दुरुस्तीत त्या जशाच्या तशा बसवता येतील का, हे आधी विचारून पाहावे. बाजारात ‘रॉट आयर्न’ म्हणून मिळणारी आजची गेट बहुधा साध्या पोलादाची असतात, आणि तसे अस्सल लोखंड पुन्हा सहज मिळणार नाही.