वाचकांचे प्रश्न : काच, कोबा आणि घसारा

प्रश्न : आमची सल्लागार अभियंत्यांची भागीदारी फर्म पुण्यात एका जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर भाड्याच्या जागेत आहे. भाडेकरार नऊ वर्षांचा असून दुरुस्ती भाडेकरूने करावी, असे त्यात म्हटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आम्ही कार्यालयाचे नूतनीकरण सुरू केले. आतल्या भिंती सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या), पश्चिमेच्या खिडक्यांना दुहेरी काच (खर्च चार लाख), सगळीकडे एलईडी दिवे आणि गच्चीवर सौर पॅनेल (खर्च पाच लाख) असा बेत आहे. ऊर्जाबचतीच्या साहित्यावर पहिल्याच वर्षी ४० टक्के घसारा (वस्तूच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळतो, असे ठेकेदार सांगतो. हे कितपत खरे आहे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ठेकेदाराचे म्हणणे तुमच्या यादीतल्या एकाच वस्तूला लागू पडते, आणि ती म्हणजे सौर पॅनेल.

तुमचा खर्च २०२५-२६ या आर्थिक वर्षातला असल्यामुळे त्याचा हिशेब १९६१ च्या आयकर कायद्याप्रमाणे होईल. त्याखालच्या नियमांतील घसाऱ्याच्या तक्त्यात ‘ऊर्जाबचतीची साधने’ असा गट आहे खरा, पण तो वाचल्यावर लगेच लक्षात येते की तो कारखाने डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. विशिष्ट प्रकारचे बॉयलर, वाया जाणारी उष्णता परत वापरणारी यंत्रे, शंट कपॅसिटर, मोटरचा वेग नियंत्रित करणारी इलेक्ट्रॉनिक साधने असे त्याचे स्वरूप आहे. त्यात काच नाही, वीट नाही, छताचे उष्णतारोधक थर नाहीत. एखादी वस्तू वीज वाचवते एवढ्यावरून तिला ४० टक्के दर लागत नाही. तिचे नाव यादीत असावे लागते. सौर पॅनेल याच तक्त्यात अपारंपरिक ऊर्जेच्या साधनांखाली आहेत, म्हणून त्यांना तो दर मिळतो.

भाड्याच्या जागेत भाडेकरूने केलेला भांडवली खर्च घसाऱ्यापुरता स्वतःच्या इमारतीवर केल्यासारखा धरला जातो. त्यामुळे सिपोरेक्सच्या भिंती आणि नवी काच यांना इमारतीचा म्हणजे १० टक्के दर लागेल. नवे दिवे आणि वायरिंग विद्युत जोडणीच्या साहित्यात मोडतात, तिथेही १० टक्केच. वातानुकूलन यंत्रांना १५ टक्के. २० टक्के अतिरिक्त घसाऱ्याची लालूच कोणी दाखवली, तर कार्यालयात बसवलेल्या यंत्रांना ती सवलत कायद्यानेच नाकारली आहे, हे ध्यानात असू द्या.

आता आकडे मांडून पाहू. काचेच्या चार लाखांवर पहिल्या वर्षाचा घसारा ४०,००० रुपये होतो. भागीदारी फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरला, तर त्यातून १२,४८० रुपयांचा कर वाचेल. सौर पॅनेलच्या पाच लाखांवर मात्र दोन लाख घसारा आणि ६२,४०० रुपयांची करबचत. अर्थात वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात राहिली, तर दोन्ही आकडे निम्मे होतात. २०२५-२६ मध्ये ही सीमा ३ ऑक्टोबरला येते. म्हणून पॅनेल केव्हा विकत घेतले यापेक्षा ते केव्हा चालू झाले, याचा कागद जपून ठेवा.

वस्तू व सेवा कराचीही एक मेख आहे. नूतनीकरणाच्या कामाचा खर्च तुम्ही मालमत्तेत धरला, तर त्या कामावर भरलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे तुम्हाला भरायच्या करातून त्याची वजावट, मिळत नाही. तोच खर्च खरोखर दुरुस्तीचा असून नफा-तोटा पत्रकात गेला, तर क्रेडिटला ही आडकाठी राहत नाही. गळक्या गच्चीचा उखडलेला कोबा पूर्ववत करणे, तडकलेल्या काचा बदलणे, गेलेल्या ट्यूबच्या जागी एलईडी लावणे ही दुरुस्तीच आहे, आणि तुमच्या करारातील अटीमुळे ती त्याच वर्षी पूर्णपणे वजा मागता येईल. पण ‘अंतर्गत सजावट, एकरकमी’ असे एकच बिल घेतलेत, तर ही विभागणी हिशेब तपासणाऱ्याला पटवणे फार जड जाईल. दुरुस्ती, नवे बांधकाम, विद्युत काम आणि सौर यंत्रणा यांची बिले आजच वेगवेगळी मागा.

कराचा विषय इथे संपतो, पण साहित्याच्या निवडीविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आतल्या भिंती सिपोरेक्सच्या करून विजेची बचत होणार नाही, कारण त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना तुमचीच थंड हवा असते. जुन्या स्लॅबवर भार कमी पडतो हा तिचा खरा गुण आहे आणि तेवढ्यासाठी ती जरूर वापरा. दुहेरी काचेचेही तसेच आहे. साध्या दुहेरी काचेमुळे दोन बाजूंच्या तापमानातील फरकाने आत येणारी उष्णता निम्म्यावर येते, पण काचेतून थेट घुसणारे ऊन फारसे अडत नाही, आणि पुण्यात त्रास उन्हाचाच आहे. विक्रेत्याला सौर उष्णता गुणांक, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेचा किती हिस्सा आत येतो, तो विचारा. साध्या काचेचा तो ०.८ च्या आसपास असतो, चांगल्या लेपित काचेचा ०.३ पर्यंत उतरतो. बाहेरून छज्जा किंवा उभ्या पट्ट्या लावता आल्या, तर त्याहून उत्तम.

शेवटच्या मजल्यावर पहिला पैसा छतावर खर्च व्हायला हवा, आणि तुमच्या यादीत छतच नाही. मे महिन्यात दुपारी चार वाजता फॉल्स सीलिंगची एक फरशी सरकवून वरच्या स्लॅबला हात लावून पाहिलात, तर मी काय म्हणतो ते कळेल. जागामालकाची परवानगी घेऊन गच्चीवर पांढरा चायना मोझॅक (ऊन परतवणारा चिनीमातीच्या तुकड्यांचा थर) करा. पॅनेल बसण्यापूर्वी हे काम उरकून घ्या, म्हणजे सांगाडा पुन्हा उचलावा लागणार नाही.

प्रश्न : मी वकील असून स्वतःच्या कार्यालयावर सौर पॅनेल बसवणार आहे. मी कलम ४४ एडीए खाली निम्मे उत्पन्न करपात्र दाखवतो. मला ४० टक्के घसारा वेगळा मिळेल का? आणि सूर्यघर योजनेचे अनुदान?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही मिळणार नाही. त्या कलमात उरलेल्या निम्म्या रकमेत सगळे खर्च, घसाऱ्यासह, धरलेले असतात. इतकेच नव्हे, तर पॅनेलची पुस्तकी किंमतही दरवर्षी घसारा घेतल्याप्रमाणेच कमी होत जाते. सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान फक्त घरांसाठी आहे. तुमचा लाभ वीजबिलातच दिसेल, तेव्हा मागच्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवूनच यंत्रणेची क्षमता ठरवा.