मामेभावाचं औषध आणि बारावीनंतरची वाट

प्रश्न : मी नाशिकरोडला बारावी सायन्सला आहे. माझ्या मामेभावाला निमन-पिक टाइप सी हा आनुवंशिक आजार आहे. चालताना तोल जातो, बोलणं अडखळतं. त्याचं मिग्लुस्टॅट हे औषध एक एन्झाइम अडवतं, असं डॉक्टर म्हणाले. मला अशीच औषधं शोधायची आहेत. बाबा म्हणतात, बी.फार्म. कर, निदान मेडिकल तरी टाकता येईल. काय करू?

उत्तर : भावाच्या औषधापासूनच सुरुवात करू, कारण तुझी वाट त्यातच दिसते. या आजारात एन्झाइम बिघडलेलं नसतं. बहुतेक रुग्णांत एनपीसी१ या जनुकात दोष असतो. त्यामुळे पेशीतल्या लायसोसोममधून, म्हणजे टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशवीतून, कोलेस्टेरॉल बाहेर पडत नाही, इतर स्निग्ध पदार्थही साचतात आणि मेंदूच्या पेशी हळूहळू मरतात. मिग्लुस्टॅट अडवतं ते यातले काही पदार्थ तयार करणारं, चांगलं धडधाकट एन्झाइम! मोरी तुंबली आणि मोकळी करता येत नसेल, तर आपण नळ बारीक करतो, तसंच हे. आजार बरा होत नाही, त्याचा वेग कमी होतो. युरोपात २००९ पासून या आजारासाठी ते मान्य आहे.

हा रेणू साखरेसारखा दिसतो, फक्त कड्यातल्या ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन. ज्या रेणूपासून तो घडवला, तो तुतीत सापडतो. हो, पैठणीचं रेशीम देणारे किडे जिची पानं खातात तीच तुती. साखरेसारखा असल्यामुळेच तो आतड्यातली साखर पचवणारी एन्झाइमंही अडवतो आणि रुग्णांना जुलाब होतात. हव्या त्याच एन्झाइमला धरेल, बाकीच्यांना सोडेल आणि रक्तातून मेंदूतही शिरेल असा रेणू घडवायचा, हे तुला हवं असलेलं काम. त्याचा पाया केमिस्ट्री आहे. ऑरगॅनिकला घाबरून नुसत्या बायोकडे वळू नकोस, हे मी कळकळीने सांगते.

म्हणून माझी पहिली पसंती आयसर, म्हणजे मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संशोधन संस्था; त्यातली एक पुण्यात आहे. त्यासाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते : ६० प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोचे प्रत्येकी १५. नेस्ट ही नायसरसारख्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षाही दे. तिथे नाही जमलं तर नाशिकच्या केटीएचएम किंवा आरवायके कॉलेजला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा. ही वाटसुद्धा भक्कम आहे.

बाबांचं म्हणणंही टाकाऊ नाही. बी.फार्म.मध्ये मेडिसिनल केमिस्ट्री (औषधाचे रेणू घडवणं) आणि फार्माकॉलॉजी (औषध शरीरात काय करतं) शिकवतात. पुढे जीपॅट ही फार्मसीची परीक्षा देऊन नायपर या औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थांकडे जाता येतं. सीईटी दे. फक्त दुकान टाकायचं म्हणून बी.फार्म. करशील, तर संशोधन मागे पडेल.

पीएच.डी.पर्यंत दहाएक वर्षं लागतात. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, घरावर भार पडत नाही. पण भावासाठी या दहा वर्षांची मुदत स्वतःवर लादून घेऊ नकोस. त्याला आज हवे आहेत डॉक्टर, फिजिओथेरपी आणि तुझी सोबत.

कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांना भेटायला जाशील तेव्हा बाबांना बरोबर ने. फी, हॉस्टेल, पुण्यातला खर्च हे प्रश्न ते तुझ्यापेक्षा नीट विचारतील.