ताई, एवढ्यात काही आवरू नका

ताई, तुमची लेक गेल्याचं वाचलं. तेराव्यानंतर सगळे म्हणतील तिचे कपडे देऊन टाका, ऐकू नका, माझा लेक गेला तेव्हा मी ऐकलं आणि त्याचा शाळेचा स्वेटर गेला. एक तरी न धुतलेला कपडा झिपच्या पिशवीत ठेवा. तिचा मोबाईल असेल तर रिचार्ज मारत राहा, 90 दिवस वापर नसला की नंबर जाऊ शकतो आणि व्हॉट्सअ‍ॅपपण 120 दिवसांनी अकाउंट उडवतं, व्हॉइस नोट्स आधी कॉपी करा. सोनोग्राफीचा कागद पुसट होत जातो, फोटो काढा.

आणि वहीत लिहा, बारकं बारकं. माझा वरणभातावर तूप स्वतः ओतायचा, मी बास म्हणेपर्यंत माझ्याकडेच बघत. 6 वर्षांनी लिहायला बसले तर वाटी कुठली तेच आठवेना.

मुलं किती विचारलं तर मी अजून दोनच सांगते.