मालवणला पहाटेच होडी घेऊन निघावं लागतं, रोज चर्चला जाणं जमत नाही. एकट्याने प्रार्थना कशी करावी?

रविवार मात्र चुकवू नका. बाकीच्या दिवशी रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना, समुद्रावरच म्हणा. पाचही दशकं एका दमात व्हायला हवीत असं नाही. एक दशक म्हणजे एकदा ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, दहा वेळा ‘नमो मरिया’ आणि शेवटी पित्याला गौरव. जाळं टाकून झाल्यावर तेवढं सहज होतं, आणि हात खारे-ओले असले तर माळ खिशातच राहू द्या, बोटांवर मोजा. गुरुवारी प्रकाशाची रहस्यं, म्हणजे प्रार्थना म्हणताना मनन करायचे येशूच्या जीवनातले प्रसंग, घ्या. ती पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये सुचवली.

घरी आल्यावर बायबलमधलं स्तोत्र १०७, वचनं २३ ते ३० वाचा. लाटांत सापडलेले खलाशी देवाला हाक मारतात, तो वादळ शमवतो. तुम्हाला ते वेगळं समजावून सांगायला नको! मोठ्याने वाचा, पोरांच्याही कानावर पडू दे.